सत्यशोधक विवाह

ब्राह्मण पुरोहित, संस्कृत मंत्र आणि दक्षिणा यांना फाटा देऊन मराठी मंगलाष्टके व वधूवरांच्या शपथांवर लावले जाणारे लग्न. जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने ही पद्धत रुजवली. अशा पद्धतीचे पहिले लग्न त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचे झाले. वधूची आई बजूबाई ही सावित्रीबाई फुले यांची मैत्रीण.

भटजीने लावल्याशिवाय लग्न ‘लागतच’ नाही, ही समजूत तेव्हा घरोघरी पक्की होती. तिच्या पाठीशी वतनाचा व्यवहारही होता. गावचा जोशी हा वतनदार. कार्यात त्याला बोलावले नाही तरी तो आपला हक्क मागू शकत असे. फुल्यांनी धर्मावर भरपूर लिहिले, पण गावपातळीवर खरी खळबळ माजली ती लोकांनी भटजी नाकारल्यावर. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे कार्य जोशांविना उरकले, तेव्हा जोशांनी थेट दावा लावला आणि १८८० च्या दशकातला हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचला. न बोलावलेल्या पुरोहिताचा मोबदल्यावरचा हक्क कायद्याने संपला तो १९२६ मध्ये. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात त्यासाठी पाठपुरावा केला होता.

विधीचे छापील पुस्तक फुल्यांनी १८८७ मध्ये काढले. त्यांनी लग्नातला विधी सरसकट मोडीत काढला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चाल मंगलाष्टकांचीच ठेवली. आशय मात्र बदलला. त्यात वधू स्वतः बोलते: आम्हां स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा स्त्रियांना त्यांचे हक्क देण्याची शपथ घे, असे ती सर्वांदेखत वराला सांगते. वर ती शपथ घेतो. एरवी मान खाली घालून पाटावर बसणाऱ्या नवरीला भर मांडवात तोंड उघडायला लावणे, हा या विधीतला सर्वांत धाडसी भाग; पुरोहित हटवण्याच्या गाजावाजात तो अनेकदा झाकला जातो. फुल्यांनी दत्तक पुत्र यशवंत याचे लग्नही ४ फेब्रुवारी १८८९ रोजी याच पद्धतीने लावले.

विसाव्या शतकाच्या आरंभी चळवळीचे बळ कोल्हापूरकडे सरकले. वेदोक्त प्रकरणात (राजपुरोहिताने वेदमंत्रांनी धार्मिक विधी करायला नकार दिला तो वाद) पोळलेल्या शाहू महाराजांनी तिला पाठबळ दिले. मात्र मराठा पुरोहित घडवणारी वैदिक शाळाही काढली. ब्राह्मणाची मक्तेदारी तेवढी मोडायची की पुरोहितच नको, असे दोन सूर तेव्हापासून ब्राह्मणेतर चळवळीत राहिले. जातीबाहेर लग्न करावे, अशी अटही मूळ विधीत नव्हती.

आज या लग्नात फुले दांपत्याच्या प्रतिमेला हार घालतात, अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या टाकतात (धान्य वाया जाऊ नये म्हणून), शपथा मोठ्याने वाचल्या जातात आणि मुहूर्त बघत नाहीत; रविवार सोयीचा पडतो. तमिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना स्पष्ट मान्यता दिली. महाराष्ट्रात सत्यशोधक विवाहासाठी तसे स्वतंत्र कलम नाही, त्यामुळे जोडपी सहसा विवाहाची नोंदणीही करून घेतात.