एकवीस गिअर कशाला, लेकराचा पंजा बघा

सायकलच्या दुकानात पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गिअर किती? उत्तरही ठरलेलं: एकवीस. जणू आकडा मोठा तेवढी सायकल भारी. हा आकडा येतो कुठून, ते आधी बघू.

पायडलजवळ तीन दातेरी चकत्या, मागच्या चाकावर सात. तीन साते एकवीस. पुढे ४२, ३४ आणि २४ दाते, मागे १४ पासून २८ पर्यंत, अशी मांडणी बऱ्याच सायकलींत असते. आता भागाकार करा, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती फेरे घेतं ते कळेल. ४२ ला २४ ने भागलं की १.७५. ३४ ला २० ने भागलं की १.७०. २४ ला १४ ने भागलं की १.७१. तीन वेगवेगळे गिअर, पण पायाला तिन्ही सारखेच. त्यात पुढची लहान आणि मागची लहान चकती एकत्र लावली की चेन तिरकी धावते, घासते. अशा जोड्या आणि पुनरुक्ती वगळली, तर एकविसातले जेमतेम निम्मे कामाचे उरतात. शिवाय पुढची चकती बदलायला अंगठ्यात जोर लागतो. नऊ वर्षांच्या लेकराचा अंगठा तिथेच थकतो आणि सायकल आयुष्यभर मधल्या चकतीवर चालते.

म्हणून पुढे एकच चकती, ३२ दात्यांची, आणि मागे १४ ते ३४ चा सात गिअरचा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच. एवढं पुरे. आणि दुकानात बघायचा तो सगळ्यात हलका गिअर, सगळ्यात वेगवान नाही. सपाटीवर लेकरू कसंही पळवतं, खरी परीक्षा चढावर असते.

समजा देवगिरी किल्ल्यापासून खुलताबादकडे घाट चढायचा आहे. हिशोबापुरता १०० मीटरला ६ मीटर चढ धरू. लेकरू ३० किलोचं, सायकल १० किलोची, चाक २४ इंची, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १५२ मिलिमीटर. चढ आणि टायरचं घर्षण मिळून चाकाला सुमारे २८ न्यूटन, म्हणजे जवळपास ३ किलो वजनाएवढा जोर लागतो. पुढे ३६ आणि मागे १६ दाते असलेल्या बिनगिअरच्या सायकलवर, पायडल आडवं असतानाच्या क्षणी, पायाला जवळपास २० किलोचा भार द्यावा लागतो. म्हणजे लेकराच्या वजनाच्या दोन तृतीयांश. ते उभं राहून, सायकल डावी-उजवी झुलवत चढणार आणि दोनशे मीटरवर उतरून ढकलणार. पुढे ३२ आणि मागे ३४ या गिअरवर हाच भार ८ किलोच्या आसपास येतो. काम तेवढंच होतं, फक्त पायाला फेरे जास्त मारावे लागतात. कमी जोर आणि जास्त अंतर, हा तरफेचा जुना सौदा आहे.

हाच सौदा ब्रेकमध्येही आहे, आणि तिथे तो चुकला की गुडघे फुटतात.

वाकड्या हँडलच्या छोट्या रोड बाइकवर दोन प्रकारचे रिम ब्रेक, म्हणजे चाकाची धातूची कड (रिम) दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेक, दिसतात. एक कॅलिपर, आखूड बाहूंचा. दुसरा व्ही-ब्रेक, सुमारे १०० ते ११० मिलिमीटर लांब बाहूंचा. बाहू लांब म्हणजे गुटक्यावरचा, म्हणजे रिमला दाबणाऱ्या रबरी ठोकळ्यावरचा, जोर वाढतो. पण त्याची किंमत द्यावी लागते: गुटका रिमपर्यंत यायला केबल साधारण दुप्पट ओढावी लागते. म्हणून व्ही-ब्रेकची लिव्हर मुद्दाम अशी बनवतात, की बोटाच्या तेवढ्याच हालचालीत ती केबल जास्त ओढते, पण जोर निम्माच देते. लिव्हर आणि ब्रेक मिळून गुणाकार बरोबर येतो. जोडी फुटली की तो बिघडतो.

व्ही-ब्रेकची लिव्हर कॅलिपरला जोडली तर काय होतं? लिव्हर किंचित दाबताच टणक लागते. पालक दुकानात दाबून बघतात आणि खूश होतात: कसला कडक ब्रेक आहे! प्रत्यक्षात गुटक्यावर निम्माच जोर पोचतो. लिव्हर टणक लागते कारण केबल लवकर ताणली जाते, सायकल थांबते म्हणून नाही. उलट जोडी, म्हणजे रोडची लिव्हर आणि लांब बाहूंचा व्ही-ब्रेक, लावली तर जोर भरपूर, पण केबल पुरत नाही. गुटके रिमला अगदी चिकटवून ठेवावे लागतात, आणि ते थोडे झिजले की लिव्हर हँडलला टेकते. रोडच्या लिव्हरला ८० ते ८५ मिलिमीटर बाहूंचा छोटा व्ही-ब्रेक चालतो.

मराठवाड्यात तोच बरा. इथे बाभळीच्या काट्यांमुळे २५ मिलिमीटरचा टायर टिकत नाही, ३२ चा लावावा वाटतो, आणि तो बहुतेक कॅलिपरमध्ये मावत नाही. पावसात शेतातली काळी माती रस्त्यावर आली की कॅलिपरच्या अरुंद फटीत चिखल जाम होतो. रिम अॅल्युमिनियमचीच घ्या. क्रोमचा मुलामा दिलेली लोखंडी रिम ओली झाली की रबर तिच्यावर घसरतं. डिस्क ब्रेक तेलाचा असेल तर त्यात खनिज तेल आहे की डॉट फ्लुइड (मोटारीच्या ब्रेकमध्ये असतं ते), हे विचारून घ्या. एकाच्या जागी दुसरं ओतलं की आतले रबरी सील खराब होतात.

खंडेनवमीला सायकल पुजायची तर खुशाल पुजा, हळद-कुंकू टायरला काही करत नाही. चमक यावी म्हणून रिमवर किंवा डिस्कवर तेलाचं फडकं मात्र फिरवू नका. हँडलला लिंबू-मिरची बांधून अपघात टळत नाही, दोरा केबलमध्ये अडकला तर उलट होतो.

पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर पडतो, म्हणून मागचाच वापर, असं लेकरांना सांगतात. पण ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर सरकतो आणि मागचं चाक हलकं होऊन घसरतं. ताशी २० किलोमीटरवरून केवळ मागच्या ब्रेकने थांबायला सुमारे ६ मीटर लागतात. दोन्ही नीट वापरले तर तीन-साडेतीन. पुढचा ब्रेक हळूहळू दाबायला शिकवा, बंद ठेवायला नको.

तपासणी सोपी आहे. लेकराला खाली उभं करून दोन बोटांनी पुढची लिव्हर दाबायला सांगा आणि तुम्ही सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं पाहिजे. मागची लिव्हर दाबून ढकलली तर ते चाक न फिरता घासत गेलं पाहिजे. बोटं लिव्हरपर्यंत पोचत नसतील तर लिव्हरच्या बुडाशी बहुधा छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलजवळ येते. मग केबलचा ढिलेपणा काढा, गुटक्यापासून रिम दोन्ही बाजूंनी एक ते दीड मिलिमीटरवर ठेवा, आणि गुटका टायरला शिवत नाही हे बघा. शिवला तर टायरची भिंत लवकरच कापली जाते.

केबल बदलताना तिचं बाहेरचं कव्हर ब्रेकचंच मागा. त्यात तार गुंडाळलेली असते, गिअरच्या कव्हरात तारा उभ्या असतात. गिअरचं कव्हर ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबताना ते फाटू शकतं. नवी केबल पहिल्या आठवड्यात थोडी ढिली पडते, तेव्हा लिव्हरजवळचा गोल नट अर्धा-एक फेरा सोडून ती पुन्हा ताणून घ्या.