सिसप्लॅटिन, मूत्रपिंडे आणि सलाईनची बाटली

कॅन्सरवरील सिसप्लॅटिन या औषधाचा डोस असलेल्या दिवशी रुग्णाला आधी बराच वेळ नुसते सलाईन चढत राहते, त्यात मॅग्नेशियम सल्फेट मिसळलेले असते आणि लघवी किती झाली हे नर्स मापून लिहून ठेवते. ‘औषध कधी सुरू करणार?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकाला हे सलाईन उपचाराचाच भाग असल्याचे सहसा ठाऊक नसते.

प्लॅटिनमचे हे संयुग मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकातच तयार केले होते. पण १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत असताना, विभाजन थांबून जिवाणूंचे लांबच लांब धागे झालेले दिसले आणि ही करामत विजेची नसून इलेक्ट्रोडमधून विरघळलेल्या प्लॅटिनमची असल्याचे पुढे उघड झाले. १९६९ मध्ये उंदरांमधील गाठींवर गुण दिसला आणि दोनच वर्षांत औषध माणसांपर्यंत पोचले.

तिथे मूत्रपिंडांनी वाट अडवली. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ५० मिलिग्रॅमच्या एकाच डोसनंतर २८ ते ३६ टक्के रुग्णांची मूत्रपिंडे बिघडत. रक्तात क्लोराइड भरपूर असल्याने औषधाच्या रेणूवरील क्लोरीन बहुतांशी टिकून राहतो. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मात्र हा रेणू आत ओढून घेतात आणि आत क्लोराइड कमी असल्याने क्लोरीन सुटून मोकळे झालेले प्लॅटिनम पेशीलाच चिकटते. कॅन्सरच्या पेशीही ते असेच मारते, हीच खरी अडचण.

इलाज निघाला तो साधाच. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात आधी कुत्र्यांवर आणि मग रुग्णांवर भरपूर द्रव व लघवी वाढवणारे मॅनिटॉल देऊन पाहिले गेले, १९७७ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. माझ्या मते सिसप्लॅटिन वाचले ते या पाण्यामुळेच. मॅनिटॉलच्या उपयोगाबद्दल आजही मतभेद आहेत; मॅग्नेशियमची बाजू मात्र भक्कम होत गेली, कारण हे औषध लघवीवाटे मॅग्नेशियम वाहून नेते आणि त्याची कमतरता मूत्रपिंडांची इजा वाढवते.

अमेरिकी लष्कराच्या किरणोत्सर्ग-संशोधनातून आलेले अमिफॉस्टिन हे औषधही मूत्रपिंडांचे संरक्षक म्हणून मंजूर झाले, पण उलट्या आणि उतरणारा रक्तदाब यांमुळे ते फारसे रुजले नाही. मूत्रपिंडांना बरेच सौम्य असलेले कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनमचेच दुसरे औषध अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये सर्रास वापरले जाऊ लागले. वृषणाच्या कॅन्सरमध्ये मात्र ते तुलनेत कमी पडले, त्यामुळे तिथे सिसप्लॅटिन कायम राहिले आणि त्याच्याबरोबर सलाईनची बाटलीही.