दारू पिऊन गाडी चालवल्यामुळे रद्द झालेलं लायसन्स परत कसं मिळवायचं

एजंटाकडे धाव घेण्याआधी हातात आलेला आदेश शांतपणे वाचा. तो आरटीओने दिलाय की न्यायालयाने, कोणत्या कलमाखाली दिलाय आणि त्यात 'अपात्र' (ठरावीक काळासाठी बंदी) लिहिलंय की 'रद्द' (लायसन्सच संपलं), हे आधी शोधा. पुढे कुठे अर्ज करायचा ते यावरच ठरतं.

100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. दंड भरला म्हणजे विषय संपला, असं समजू नका. लायसन्सवरची कारवाई वेगळी चालते. पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 19 नुसार पहिल्या गुन्ह्याला 3 महिने अपात्रता, तर दुसऱ्या किंवा त्यापुढच्या गुन्ह्याला लायसन्स रद्द करण्याचा आदेश निघू शकतो. लायसन्स रद्द झालेल्या व्यक्तीचं नाव जाहीर करण्याचीही तरतूद आहे. मात्र आदेशाआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं आरटीओवर बंधनकारक आहे. म्हणून सुनावणीची नोटीस आली तर स्वतः हजर राहा. तिथे जे बोलायचं राहील ते नंतरच्या अर्जात दहा पानं लिहून भरून निघत नाही.

आरटीओचा आदेश चुकीचा वाटत असेल तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. कलम 185 खाली दुसऱ्यांदा दोषी ठरल्यावर न्यायालयाने कलम 22 नुसार लायसन्स रद्द केलं असेल, तर ते रद्द असेपर्यंत त्या प्रकारच्या वाहनाचं नवं लायसन्सही मिळत नाही. अशा वेळी आरटीओत खेटे घालून काहीच हाती लागणार नाही, वरच्या न्यायालयात दाद मागावी लागते.

फारसं कुणी सांगत नाही अशी एक वाट कलम 23 मध्ये आहे. अपात्रतेच्या आदेशाला 6 महिने झाले की ज्या न्यायालयाने किंवा अधिकाऱ्याने तो दिला, त्यांच्याकडेच अपात्रता उठवण्यासाठी अर्ज करता येतो (म्हणजे ही वाट 6 महिन्यांहून मोठ्या बंदीसाठीच कामाची). तो फेटाळला तर पुढचे 3 महिने दुसरा अर्ज घेत नाहीत, म्हणून घाईने अर्धवट अर्ज टाकू नका. कायदा 'सर्व परिस्थिती' पाहायला सांगतो, कागदांची ठरावीक यादी देत नाही. माझ्या मते व्यसनमुक्तीच्या उपचारांची कागदपत्रं सगळ्यात वजनदार. नुसतं 'पुन्हा करणार नाही' याला फारसा अर्थ राहत नाही, कारण हे आधीही म्हणून झालेलं असतं. 'मार्चपासून उपचार चालू, दर महिन्याची तपासणी सोबत जोडली आहे' हे वाक्य अधिकाऱ्याला पडताळून बघता येतं. नोकरीसाठी गाडी लागत असेल तर कंपनीचं पत्र जोडा, दंडाची पावती आणि मूळ आदेशाची प्रतही द्या.

कलम 19 खाली 3 महिन्यांची अपात्रता असेल तर मुदत संपली म्हणून लायसन्स आपोआप हातात येत नाही. त्यासाठी चालकांचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. लायसन्स रद्दच झालं असेल तर बंदी उठल्यावर सगळं पहिल्यापासून: सारथी पोर्टलवर (लायसन्ससाठीचं सरकारी संकेतस्थळ) अर्जाचा फॉर्म 2, तब्येतीच्या स्वयंघोषणेचा फॉर्म 1, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, मग लर्निंग लायसन्स, किमान 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि व्यावसायिक वाहनासाठी डॉक्टरांचा फॉर्म 1-ए लागतो. बंदी उठल्याच्या आदेशाची प्रत सोबत ठेवाच.

बंदी असताना 'दुसऱ्या जिल्ह्यातून काढून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी कृपा करून लागू नका. अपात्र असताना गाडी चालवणं तर गुन्हा आहेच, पण नव्या लायसन्ससाठी नुसता अर्ज करणंही कलम 182 खाली गुन्हा आहे: 3 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. असं मिळवलेलं लायसन्स कायद्याने निरर्थक ठरतं. त्यावर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाईचा बोजा तुमच्यावर येऊ शकतो.

परत मिळालेल्या लायसन्सवर जुन्या शिक्षेची नोंद असेल तर तीही कायमची नसते. सलग 3 वर्षं नवी नोंद झाली नाही तर कोऱ्या लायसन्ससाठी अर्ज करता येतो. अपात्रतेचा काळ या 3 वर्षांत धरत नाहीत.