पार्श्वभूमी : ओल्ड फॅशन्डमध्ये फळं शिरली कशी?

शरद ऋतू लागला की अमेरिकेतल्या बारच्या मेन्यूवर मेपल, सफरचंद, दालचिनीचे ओल्ड फॅशन्ड, म्हणजे व्हिस्कीच्या एका जुन्या कॉकटेलचे प्रकार, झळकायला लागतात. मूळ पेयाची वाट लावली, अशी कुरबुरही ठरलेली. पण मूळ म्हणजे नेमकं कधीचं?

1806 साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली होती : कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (वनस्पतींचा कडू अर्क). पुढे बारवाले त्यात क्युरासाओ, अ‍ॅबसिंथ अशी दुसरी मद्यं ओतू लागले, तसे काही जण ‘जुन्या पद्धतीचंच द्या’ म्हणू लागले. 1880 मध्ये शिकागोच्या एका दैनिकात हे नाव आलेलं आहे. पेयाच्या जन्माचं श्रेय केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमधल्या एका क्लबाला दिलं जातं, पण तो क्लबच 1881 चा. तरी लुईव्हिलने 2015 मध्ये ते शहराचं अधिकृत कॉकटेल करून टाकलं!

1895 च्या एका बार-पुस्तकातली कृती अगदी साधी आहे. साखरेचा लहान खडा थोड्या पाण्यात विरघळवायचा, बिटर्सचे दोन शिंतोडे, बर्फाचा तुकडा, लिंबाची साल, व्हिस्की, आणि चमचा ग्लासातच ठेवून द्यायचा.

संत्र्याची फोड आणि लालभडक चेरी साखरेबरोबर चेचायची रीत रुळली ती 1920 ते 1933 च्या दारूबंदीनंतर. चोरट्या दारूची वाईट चव झाकायला फळं आली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. चव झाकणं एवढंच कारण असतं, तर बंदी उठल्यावर फळं गेली असती. उलट तेव्हाच ती पक्की झाली. मुरलेल्या व्हिस्कीचा साठा तेव्हा तोकडा होता, हे मात्र चव झाकण्याच्या बाजूने मोजायला हवं. 1936 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका दैनिकात ‘जुन्या खोडा’चं चिडलेलं पत्र आलं, त्यात याच फळांवर राग आहे. विस्कॉन्सिनमध्ये तर आजही ब्रँडी, चेचलेली फळं आणि वरून सोडा हाच ओल्ड फॅशन्ड. तिथे तक्रार कोण करणार?

आताचे ऋतूनुसार बदलणारे प्रकार या भांडणातून बहुतेक सुटतात, कारण त्यांत गर नसतो. बदल होतो तो साखरेत आणि सालीत : साखरेऐवजी मेपल सिरप किंवा मसाल्याचा पाक, लिंबाऐवजी संत्र्याची साल. 2007 च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका बारने बेकनची (धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाची) वितळलेली चरबी बुरबन या अमेरिकन व्हिस्कीत मिसळली, मिश्रण गार करून थिजलेली चरबी गाळून टाकली आणि धुरकट वास तेवढा ठेवला. गोडीला मेपल सिरप, वर बिटर्स. बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कृतीत 45 मिलि बुरबन किंवा राय व्हिस्की आहे, साखर-बिटर्स आहेत. संत्रं आणि चेरी आहेत, पण सजावटीपुरती.