वसंतातलं पहिलं फुलपाखरू मागच्या वर्षीचं असतं

फुलपाखराचं आयुष्य चार दिवसांचं, असं आपण सर्रास म्हणतो. मग उत्तर युरोपात मार्चच्या उन्हात, झाडांना पालवी फुटायच्या आधीच, एखादं फुलपाखरू फिरताना दिसतं ते कुठून येतं? अंडं, अळी, कोष हे सगळं त्याने उरकलं कधी?

मागच्या उन्हाळ्यात. ब्रिमस्टोन, पीकॉक, स्मॉल टॉर्टॉइजशेल ही फुलपाखरं प्रौढ रूपातच हिवाळा काढतात. ब्रिमस्टोन जुलै-ऑगस्टमध्ये कोषातून निघतं, आयव्ही या सदाहरित वेलीच्या पानांत दडून बसतं आणि पुढच्या मे-जूनपर्यंत जगतं.

हे जमतं कसं, हा खरा गमतीचा भाग. फुलपाखराच्या मेंदूमागे कॉर्पोरा अलाटा नावाच्या दोन इवल्या ग्रंथी असतात. त्यांतून ज्युवेनाइल हॉर्मोन पाझरतं. अळीच्या अंगात ते भरपूर असतं तोवर ती कितीही कात टाको, अळीच राहते. प्रौढ मादीत मात्र हेच रसायन अंडी पिकवतं: त्याच्या इशाऱ्यावर मेदपिंडात (चरबी साठवणाऱ्या अवयवात) व्हायटेलोजेनिन हे प्रथिन बनतं आणि बलक म्हणून अंड्यांत भरलं जातं. दिवस लहान होऊ लागले की या ग्रंथी मंदावतात. अंडाशय अर्धवट राहतात, चरबी साठते, म्हातारपण लांबतं. मोनार्क फुलपाखरांवरचा 2001 मधला प्रयोग याला पुष्टी देतो: उन्हाळी पिढीतल्या ग्रंथी काढून टाकल्यावर त्यांचं आयुष्य वाढलं. (यावरून कुणी ‘चिरतारुण्याचं औषध’ विकायला आलं, तर माणसात हे हॉर्मोनच नसतं, एवढं सांगावं.)

पहिलं फुलपाखरू पिवळं दिसलं तर वर्ष सुखाचं जातं, अशीही एक समजूत आहे. पिवळं ब्रिमस्टोन सगळ्यांच्या आधी उडणाऱ्यांपैकीच असल्यामुळे ही भविष्यवाणी फारशी चुकायची भीती नाही.

शोधायचं असेल तर ऊन चढल्यावर, वारा अडलेल्या जागी पाहावं. उडण्याचे स्नायू साधारण 30 अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट चालत नाहीत. म्हणून पीकॉक पंख पसरून वाळक्या पानांवर बसतं. ब्रिमस्टोन पंख मिटूनच कुशीवर ऊन घेतं. पंखांच्या कडा फाटक्या असतील तर ते बहुधा हिवाळा काढलेलं. पंखांची झीज भरून येत नाही. ऑरेंज टिप मात्र एप्रिलमध्ये नवंकोरं दिसतं, कारण त्याने हिवाळा कोषात काढलेला असतो. फाटकी पेंटेड लेडी दिसली तर हा हिशेब लावू नये. ती दक्षिणेकडून समुद्र ओलांडून आलेली असते.