ऐकलेलं गाणं, न खपलेला अल्बम

जेल रोडवर ज्या दुकानातून आम्ही कॅसेट घ्यायचो, तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकलेली असतात. गाणी काही कमी झालेली नाहीत. ती कव्हरं चाळत उभ्या असलेल्या पोरांच्या कानांत गाणंच चालू असतं. विकत घ्यायचं गाणं मात्र त्या दुकानात उरलेलं नाही. इंदूरची जी मराठी मुलंमुली हल्ली पदरमोड करून भावगीतं, अभंग ध्वनिमुद्रित करतात, त्यांना याचंच कोडं पडतं. मोबाइलवर आकडा चढत जातो, नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन येतात, आणि कार्यक्रमात विकायला नेलेल्या सीडींचं खोकं होतं तसं घरी परत येतं. आपलंच काही चुकलं असं वाटून ती हिरमुसतात. त्यांचं चुकलेलं नाही. गाणं ऐकणं आणि गाणं विकत घेणं या आपल्याकडे कायमच दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मधली पंधरा-वीस वर्षं तेवढी त्या जोडीने चालल्या, आणि नेमकी तीच वर्षं आमच्या पिढीच्या लक्षात राहिली.

सुरुवात तबकडीपासून करायला हवी. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्याहून मोठी रचना असेल तर तिच्या अनेक तबकड्या व्हायच्या. त्या ठेवायला फोटोंच्या वहीसारखी, पानापानाला खिसा असलेली जाडजूड वही मिळे. तिला अल्बम म्हणत, आणि तेच नाव पुढे गाण्यांच्या संचाला चिकटलं. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्लेइंग तबकडी निघाली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं बसू लागली.

खयाल गायक उस्ताद अमीर खाँ याच इंदुरात वाढले. त्यांची अतिविलंबित बढत, म्हणजे अगदी सावकाश राग उलगडत नेणं, तीन मिनिटांत बसवणं म्हणजे नर्मदा तांब्यात भरणं. १९६० साली त्यांची लाँग प्लेइंग तबकडी आली, एका बाजूला राग मारवा आणि दुसऱ्या बाजूला राग दरबारी. ती घेणाऱ्याकडे आधी रेकॉर्ड प्लेअर लागे, खिशात पैसे लागत, आणि घरात तेवढा वेळ शांत बसायची तयारी लागे. अशी घरं थोडी होती. पण त्यांच्यापैकी एकेकाने ठरवून, दुकानात जाऊन ती तबकडी आणलेली असे. तिथे ऐकणारा आणि घेणारा बहुधा एकच माणूस होता.

सिनेमाच्या गाण्याचं तसं नव्हतं. आमच्या शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या लता मंगेशकरांचीच गोष्ट घ्या. १९४९ च्या ‘महल’मधलं त्यांचं गाणं घरोघर पोचलं, पण तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. ही कोण गाते, असं श्रोत्यांनी रेडिओला विचारल्यावर खरं नाव पुढे आलं. विचारणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी फोनोग्राफ असेल? गाणं लोकांपर्यंत नेलं ते रेडिओने. १९५२ पासून नभोवाणी मंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली, तेव्हा लोकांनी सुई सरळ रेडिओ सिलोनवर नेली. १९५७ साली विविध भारती सुरू करून आकाशवाणीला ती गाणी पुन्हा जवळ करावी लागली. रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमाला या कार्यक्रमातल्या गाण्यांच्या क्रमांकांसाठी दुकानांतल्या विक्रीबरोबर श्रोता संघांची मतंही धरली जात. नुसत्या खपावरून लोकांची आवड कळत नाही, हे त्या मंडळींना तेव्हाच उमगलं होतं.

मराठी वाचकाला गीतरामायण आठवेल. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून पहिलं गीत गेलं आणि आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं झाली. लोक वेळेआधी रेडिओसमोर बसत, शब्द उतरवून घेत. गदिमा आणि बाबूजींच्या त्या यशात विकलेल्या तबकड्यांचा वाटा नव्हता. त्या नंतर आल्या.

मग कॅसेट आली. १९८० च्या दशकात टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, आणि टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्यांनी कॅसेटची किंमत इतकी खाली आणली की ती पानाच्या टपरीवर आणि किराणा दुकानातही मिळू लागली. जुनी गाणी नव्या आवाजांत गाऊन घेऊन विकायला त्या वेळच्या कॉपीराइट कायद्यात वाट होती, तिचाही या कंपन्यांनी भरपूर उपयोग केला. ऐकायला आवडलं की विकत घ्यायचं, हे मध्यमवर्गाला पहिल्यांदाच परवडलं. लोकप्रियता आणि खप यांची सांगड बसली ती इथे. तिच्यामागे गाण्यावरची भक्ती होती तशी एक साधी अडचणही होती: हवं ते गाणं हव्या त्या वेळी ऐकायचं तर कॅसेटवाचून दुसरा मार्ग नव्हता.

त्याच काळात अल्बम फुटायलाही लागला होता, हे मात्र आपण विसरतो. कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी दुकानात द्यायची, दोन दिवसांनी ‘भरलेली’ कॅसेट घेऊन यायची. मी स्वतः अशा कितीतरी भरून घेतल्या. आठ गाण्यांतली सहा नकोत, दोनच हवीत, ही निवड तेव्हाच सुरू झाली होती. पुढे फुटपाथवर शंभर-शंभर गाण्यांच्या एमपीथ्री सीडी आल्या. आणि त्यानंतर कॉलर ट्यून. अख्ख्या अल्बमला पैसे न देणारी माणसं गाण्याच्या एका तुकड्यासाठी महिन्याला तीसेक रुपये आनंदाने भरत होती, आणि तेही दुसऱ्याला ऐकवण्यासाठी!

स्ट्रीमिंग आलं ते या जमिनीवर. ‘गाना’ ही सेवा २०१० पासून आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटाचे दर कोसळले. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. यूट्यूब तर आधीपासून होतंच. कॅसेटच्या काळातली ती अडचण संपली आणि तिच्याबरोबर विकत घेण्याचं मुख्य कारणही गेलं.

इथे मोजलं काय जातं, हे नीट पाहायला हवं. विक्रीत माणसाचा निर्णय मोजला जायचा: त्याने एकदा खिशात हात घातला. स्ट्रीमिंगमध्ये वाजणं मोजतात. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक मोजणी होते. ते कोणी शोधून लावलं, की आधीचं संपल्यावर आपोआप सुरू झालं, की व्यायामशाळेत दिवसभर चालू राहिलं, एकूण आकड्यात सगळं सारखंच. एकच चाहता एक गाणं दोनशे वेळा ऐकतो तेव्हा दोनशे मोजण्या होतात, गिऱ्हाईक मात्र फार तर एक. आणि गाजतं ते बहुधा एक गाणं. बाकीची सात कोणी उघडूनही पाहत नाही, मग अल्बम घेणार कोण?

मनाला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. वीस मिनिटांचा मारवा पूर्ण ऐकला तरी मोजणी एकच, आणि तीन मिनिटांचं गाणं ऐकलं तरी एकच. ज्या गायकाने मंद्र सप्तकात स्वर उलगडायला आयुष्य वेचलं, त्याचं गाणं या हिशोबात कायम मागे राहणार. पैशांची वाटणीही याच मोजण्यांवर होते. वर्गणी आणि जाहिरातींचं उत्पन्न बहुतेक ठिकाणी एका हौदात जमा होतं आणि एकूण मोजण्यांतल्या वाट्याप्रमाणे वाटलं जातं. म्हणजे तुम्ही महिनाभर फक्त खयाल ऐकलात, तरी तुमच्या वर्गणीचा मोठा हिस्सा सगळ्यांत जास्त वाजणाऱ्या गाण्यांकडे जातो. २०२४ पासून तर वर्षभरात एक हजार मोजण्या न झालेल्या गाण्याला स्पॉटिफाय ध्वनिमुद्रणापोटी काहीच देत नाही.

अमेरिकेतल्या बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या अल्बम यादीने डिसेंबर २०१४ पासून या दोन मापांची जुळणी करायचा प्रयत्न केला: १५०० वेळा वाजणं म्हणजे एक अल्बम. २०१८ मध्ये त्यात फरक करून वर्गणीदारांचं १२५० वेळा आणि फुकट ऐकणाऱ्यांचं ३७५० वेळा वाजणं एका अल्बमच्या बरोबरीचं धरलं. त्या हिशोबात फुकट ऐकणाऱ्याच्या तीन मोजण्या पैसे भरणाऱ्याच्या एकीइतक्या होत्या. तेव्हा परदेशी कलाकाराच्या अल्बमचे आकडे वाचताना त्यातले खरोखर घरी नेलेले किती, हे वेगळं पाहावं लागतं.

उलटंही घडतंच. कोरियातल्या गायकसमूहांचे चाहते आत निघणाऱ्या छोट्या फोटोंसाठी एकाच अल्बमच्या अनेक प्रती घेतात. २०२० मध्ये अमेरिकेत जुन्या पद्धतीच्या तबकड्यांचं उत्पन्न १९८० च्या दशकानंतर प्रथमच सीडींच्या पुढे गेलं. जवळ ठेवावी, कोणाला द्यावी अशी वस्तू असली की लोक आजही पैसे काढतात.

आपल्याकडे सारेगामाने २०१७ मध्ये कारवां काढला. जुन्या रेडिओसारखी पेटी, आत पाच हजार हिंदी गाणी. पुढे मराठी गाण्यांचाही आला. त्यातली बरीचशी गाणी फोनवर फुकट मिळत असतानाही लोकांनी तो घेतला, मुख्यतः आईवडिलांना द्यायला. रामचंद्र नगरातल्या माझ्या मावशीला तो दिवाळीत मुलाने दिला. ती सकाळी पोहे करताना लावते आणि दुपारी डोळा लागेपर्यंत तो चालू असतो. त्याची विक्री एकदाच नोंदली गेली. त्यानंतर त्यावर लताबाई किती वेळा गायल्या, याची कुठेच मोजणी नाही.