पाटा वेगळा, शॉकअप वेगळा

जुनी पिकअप उड्डाणपुलावर मागून डुलायला लागली, वळणावर अंग टाकायला लागली, की गॅरेजात ठरलेलं औषध मिळतं: "शेठ, एक पाटा वाढवून टाकू." पाटा, म्हणजे मागच्या स्प्रिंगमधली पोलादी पट्टी, वाढतो. गाडी मागून दोन बोटं उंच दिसते, कडक लागते, मालक खूश होतो. मग पावसाळा येतो. वाशीच्या मार्केटला माल उतरवून रिकामी गाडी मानखुर्दकडे येत असते, पुढचा रिक्षावाला अचानक थांबतो, ब्रेक दाबला जातो आणि गाडीची शेपटी बाजूच्या लेनमध्ये जाते. आता ब्रेकचं काम निघतं. लायनर बदला, मास्टर सिलेंडरचं किट टाका, ड्रम खरडून घ्या. दुखणं शॉकअपचं, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचं होतं, आणि त्याला अजून कुणी हातही लावलेला नाही.

पाट्याबद्दल फार सांगत नाही. ज्याच्या दारात टेम्पो उभा असतो त्याला पाटा कळतो: वरचा मेन पाटा, खाली आखूड होत जाणारे बाकीचे, मधला सेंटर बोल्ट, जुडगं ॲक्सलला आवळणारे दोन यू-बोल्ट, मागे चासीला जोडणारी हलती कडी म्हणजे शॅकल. वजन पडलं की दबतो, उतरलं की वर येतो. गाडीचा भार त्याच्यावर आहे आणि खड्ड्याचा दणकाही तोच झेलतो.

शॉकअप भार घेत नाही. लोक अडकतात ते इथे. नवा शॉकअप बाकावर उभा धरून सावकाश दाबा, जातो खाली. झटक्यात दाबायला जा, हटणार नाही. आत तेल आहे, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा. जितक्या जोरात हलवाल तितकं तेल अडतं, आणि हलण्यातली ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. पाट्याचा जोर तो किती दबलाय त्यावर ठरतो, शॉकअपचा जोर तो किती वेगाने हलतोय त्यावर. उभ्या गाडीत शॉकअपला काहीच काम नसतं. झोपाळ्याचं बघा ना: माणसाचं वजन कड्या धरतात, झोका थांबतो तो पाय जमिनीला घासल्यावर. झोका थांबत नाही म्हणून कुणी जाड कड्या लावत नाही.

तेव्हा तक्रार नीट ऐका. माल भरला की गाडी मागून बसते, बंपस्टॉपच्या रबरी ठोकळ्यावर आपटते, उभी असताना एका बाजूला कलते, तर पाटे बघा. एका उंचवट्यावरून गेली आणि पुढे बराच वेळ होकार देत राहिली, लेन बदलताना उशिरा सावरली, तर शॉकअप बघा. बसणं वेगळं, डुलणं वेगळं.

मग जुने ड्रायव्हर "पाटा टाकल्यावर डुलणं कमी झालं" असं शपथेवर का सांगतात? कारण त्यात थोडं तथ्य आहे. पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घासणंही झोका थोडाफार मारतं. पाटा वाढला की घासणारी एक जागाही वाढते. पण या घासण्याला वेगाशी देणंघेणं नाही, ते आधी अडतं आणि मग एकदम सुटतं. मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत पाट्यांमध्ये गंज भरला की बारीक हादऱ्याला पाटे वाकतच नाहीत. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर मागचा अख्खा सांगाडा टणटण उडतो. मोठा खड्डा आला की पाटे सुटतात, आणि तेव्हा त्यांना आवरायला शॉकअपमध्ये जीव नसतो. कडक गाडी म्हणजे ताब्यातली गाडी, हा समज इथूनच येतो.

वाढवलेला पाटा कडकपणा किती वाढवतो, तेही बघा. पाच पाट्यांच्या जुडग्यात त्याच जाडीचा आणि तसाच लांब सहावा टाकला तर साधारण पाचवा हिस्सा वाढतो. जाडी वाढवली तर गणित घनाचं होतं: ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा टाकला की तो एकटा जवळपास दुप्पट कडक. शॉकअप मात्र मूळच्या पाट्यांच्या हिशेबाने भरलेला. पाटा जितका कडक, तितका त्याला आवरायला जोर जास्त लागतो. म्हणजे आधीच थकलेल्या शॉकअपवर आपण आणखी काम टाकलं. गणपतीच्या दिवसांत पेणहून मूर्ती आणणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. माल हलका, नाजूक, आणि खाली मारून-ठोकून कडक केलेली गाडी.

आता ब्रेक. चाक रस्त्याला चिकटलेलं असेल तेव्हाच ब्रेकचा उपयोग. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं आणि रिकाम्या पिकअपचं मागचं चाक आधीच हलकं असतं. ते खडबडीत रस्त्यावर उड्या मारत असेल, तर हवेत असताना ब्रेक त्याला धरून ठेवतो आणि खाली टेकल्यावर ते फिरत नाही, घसरतं. पुढची चाकं आधी धरली गेली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग ऐकत नाही. मागची आधी धरली गेली तर गाडी आडवी होते. म्हणून मागच्या शॉकअपला मी ब्रेकचाच भाग धरतो.

दुसरी गोष्ट तर भलतीच दुर्लक्षित. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ, चासीला, एक व्हॉल्व्ह असतो. त्याची काडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली येते, काडी हलते, व्हॉल्व्हला कळतं गाडी भरली आहे आणि तो मागच्या ड्रमला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी करतो, चाक धरलं जाऊ नये म्हणून. आता पाटा वाढवा. गाडी भरली तरी चासी पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. मागचे ब्रेक अर्धवट काम करतात आणि कसारा घाट उतरताना सगळा ताप पुढच्या डिस्कवर येतो. मग एखादा हुशार कारागीर ती काडी वर करून तारेने बांधून टाकतो. "आता बघा ब्रेक!" खरंच लागतो, भरलेल्या गाडीत. रिकाम्या गाडीत पावसात काय होतं ते वर सांगितलंच आहे. तारेने बांधलेली काडी दिसली की त्या गॅरेजात मी पुन्हा गाडी घालत नाही. पाट्याला हात लावला तर व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाने पुन्हा सेट करून घ्यायचा, यात सूट नाही.

शॉकअप गेलाय का हे बघायला कोपरा हाताने दाबून काही कळत नाही. ती युक्ती कारची. रिकाम्या पिकअपचे पाटे माणसाच्या वजनाला दाद देत नाहीत. अर्धा माल भरून उड्डाणपुलाच्या जॉइंटवरून जा. एकदा दबून गाडी सावरली तर ठीक, होकार देत राहिली तर नाही. शिवाय खराब रस्त्यावरून आल्याबरोबर गाडी थांबवून शॉकअपच्या अंगाला हात जपून लावा, सायलेन्सर जवळच असतो. काम करणारा कोमट ते गरम लागतो. दोघांतला एक थंड असेल तर तो नुसता लटकलेला आहे. बाहेर तेल ओघळलेलं असेल किंवा टायरवर मध्येमध्ये खोलगट चट्टे पडले असतील, तर वेगळा पुरावा नको. बदलताना मागचे दोन्ही बदला. भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहणाऱ्यांनी तर पाटे आणि शॉकअप दोन्हींवर रोज गोडं पाणी मारायला हवं. बर्फाचं खारट पाणी ठिबकून शॉकअपच्या दांड्याला गंजाचे खड्डे पडतात आणि तेच सील फाडतात.

बाकीचे गोंधळ किरकोळ. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा हवा बघून अलाइनमेंट, ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं तेव्हा बॅलन्सिंग. पेडल स्पंजासारखं लागतं तर लाइनमध्ये हवा, पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही तर लायनर किंवा बूस्टर. ब्रेक ऑइलमध्ये डॉट ३ आणि डॉट ४ एकाच कुळातले, डॉट ५ सिलिकॉनचा, तो त्यांत ओतायचा नाही.

माझा क्रम पक्का आहे: टायरची हवा, पाट्याचे आणि शॅकलचे बुश, मागचे दोन शॉकअप, मग ब्रेक. एवढं झाल्यावरही भरलेली गाडी बसत असेल तर मूळ संख्येचा, मूळ जाडीचा नवा पाट्यांचा सेट. जुन्याच पाट्यांना ठोकून कमान देणं मला पटत नाही, ते पुन्हा बसतात. नवा सेट टाकल्यावर पहिली भरलेली फेरी झाली की यू-बोल्ट परत आवळून घ्या. आणि जास्त माल नेता यावा म्हणूनच पाटा वाढवायचा असेल, तर आरसी बुकातलं वजन त्याने वाढत नाही, ॲक्सल, टायर आणि ड्रमही तेच राहतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर दर जादा टनाला २,००० रुपये. एवढ्यात चांगले शॉकअप येऊन पैसे उरतात.